ऑटोमॅटिकची मॅन्युअल केली तर गुन्हा कसला?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मॉडिफाय केलेल्या गाड्यांवर कारवाई झाली अशा बातम्या पेपरात अधूनमधून येतात आणि त्यात फटाके फोडणारे सायलेन्सर, मडगार्डच्या बाहेर आलेली टायरं, समोरच्याचे डोळे दिपवणारे लाईट असं सगळं एकाच पोत्यात भरलेलं असतं. त्या पोत्यात एक काम उगाच जातंय म्हणून हे पत्र. फोर बाय फोर पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून त्याच मॉडेलचा, कंपनीनेच बनवलेला मॅन्युअल बसवायचा, एवढंच ते काम.

हे कोण करतं आणि का करतं ते आधी सांगतो. पुण्या-मुंबईकडच्या वापरलेल्या ऑटोमॅटिक गाड्या आपल्याकडं येतात. तिकडं ट्रॅफिकमध्ये डावा पाय भरून येतो म्हणून घेतलेली गाडी इकडं पाटण, जावळीच्या डोंगरात वस्तीवर जायला लागते, आणि एक दिवस गिअरच घेत नाही. आता आतली व्हॉल्व्ह बॉडी, सोलेनॉइड, क्लच पॅक यात हात घालणारा मिस्त्री साताऱ्यात शोधत फिरा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, अख्खा बॉक्स बदला. तो खर्च ऐकल्यावर जुनी गाडी गोठ्यामागं उभी राहते ती राहतेच. बऱ्याचदा दुखणंही साधं असतं, ऑटोमॅटिकचं तेल गार करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतून फिरते, ती आतून फुटली की पाणी तेलात जातं, तेल गढूळ गुलाबी होतं आणि क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं. मॅन्युअल बॉक्सला मात्र कुठल्याही तालुक्याच्या गावात माणूस मिळतो आणि सामानही मिळतं.

दुसरं कारण घाट. जुन्या ऑटोमॅटिकला उतारावर इंजिनचा ब्रेक म्हणावा तसा लागत नाही, कारण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, तेलावर चालणारा, आणि त्यात लॉक-अप (दोन्ही बाजू घट्ट जोडणारा क्लच) नसेल किंवा सुटलेला असेल तर गाडी नुसती घरंगळते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. (नव्या गाड्यांत हे बरंच सुधारलंय, हे मान्य.) कास-बामणोलीच्या बाजूला नाहीतर कांदाटी खोऱ्यात बॅटरी बसली तर ऑटोमॅटिक उतारावरून ढकलूनही चालू होत नाही, आतला तेलाचा पंप इंजिनवर फिरतो, इंजिनच बंद तर चाकांकडून जोर पोचणार कसा. मॅन्युअलला बॅटरीत थोडा जीव असला तर चार माणसं पुरतात. तराफ्यावरून गाडी पलीकडं नेणाऱ्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

पण ऑटोमॅटिक वाईट असं मी अजिबात म्हणत नाही. दगडातून, चिखलातून हळू हळू चढताना टॉर्क कन्व्हर्टर जोर वाढवून देतो, क्लच जळत नाही, गाडी बंद पडत नाही, नवख्याला तर तीच बरी. चांगला चालणारा बॉक्स हौस म्हणून काढणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही.

आता काम काय असतं ते. लोकांना वाटतं गिअरचा दांडा बदलला की झालं. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या) मागची पातळ फ्लेक्सप्लेट काढून जड फ्लायव्हील, मग क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, बेल हाउसिंग, पेडलचा अख्खा सेट, वरचा मास्टर सिलिंडर, खालचा स्लेव्ह. फ्लोअरला दांड्यासाठी भोक, गिअरबॉक्सचा क्रॉस मेंबर मागंपुढं, आणि बॉक्सची लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्ट लेथवर कापून परत बॅलन्स करायचा. ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीला) जाणाऱ्या शाफ्टचे दाते जुळतात का हे आधी मोजायचं, नंतर मोजून उपयोग नाही. आणि खरी मेख क्रँकच्या टोकाला असते. काही ऑटोमॅटिक इंजिनांच्या क्रँकला पायलट बेअरिंगचं (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात टेकतं त्या बेअरिंगचं) घर कापलेलंच नसतं, मग मॅन्युअलचा इनपुट शाफ्ट कशावर टेकवणार? इंजिन उघडायची वेळ येते तिथं. दोन्ही व्हेरियंटच्या डिफरन्शियलचा रेशो एकच आहे का तेही बघायला लागतं, नाहीतर पाचव्या गिअरला गाडी एकतर दम टाकते नाहीतर बोंबलते.

त्यापुढं वायरिंग. इंजिनचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची वाट बघत बसतो, तो सापडला नाही की लाईट पेटवतो आणि गाडीचा जोर मारून टाकतो, त्यामुळं मॅन्युअलचा ईसीयू (म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर) टाकायचा आणि चावीच्या इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या कुलपाशी) जुळवायचा. ऑटोमॅटिकमध्ये दांडा पी (पार्किंग) किंवा एन (न्यूट्रल) वर असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, ती वायर क्लच पेडलच्या स्विचला द्यायला पाहिजे. काही जण सरळ दोन वायरी पिळून टेप मारतात. मग गाडी गिअरमध्ये असताना कुणी चावी फिरवली की ती उडी मारणार, पुढं कोण उभं आहे ते ती बघत नाही. रिव्हर्सच्या लाईटचा स्विचही जुन्या बॉक्सबरोबर गेलेला असतो, तो कितीजण परत जोडतात?

माझं म्हणणं इथं येतं. असं काम चोरून झालं की तपासायला कुणी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाता येणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागं ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण मंजूर सीएनजी किट बसवलं तर त्याची आरसीवर नोंद होते, दिव्यांग चालकासाठी गाडीत बदल करायलाही त्याच कायद्यात वाट आहे. मग ज्या मॉडेलचा मॅन्युअल व्हेरियंट कंपनीने रीतसर मंजुरी घेऊन शोरूममधून विकलाय, त्याच कंपनीचा तोच बॉक्स, तोच ईसीयू, तीच पेडलं टाकली तर त्याची तपासणी करून नोंद करायला अडचण कसली? नोंद नसली की इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी बोट दाखवणार हे वेगळंच.

कासच्या पठारावर, कोयनेच्या जंगलात गाड्या घालणाऱ्यांची बाजू मी घेत नाही, त्यांच्या गाड्या जप्त करा, माझी हरकत नाही. लिफ्ट किट आणि हॉर्नवाल्यांचंही मी बोलत नाहीये.

परिवहन खात्याने एवढं करावं. फक्त त्याच मॉडेलच्या कंपनी व्हेरियंटपुरती परवानगी द्यावी, बॉक्स कुठून आणला त्याचं बिल मागावं (चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग भंगारातूनच फिरतात), इन्स्पेक्टरने स्टार्टरचा क्लच स्विच, रिव्हर्स लाईट आणि शाफ्टचं काम बघावं, फी घ्यावी आणि आरसीवर शिक्का मारावा. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या आरटीओ साहेबांचं यावर काय म्हणणं आहे ते आपल्या पेपरने विचारून छापलं तर बरं होईल, होय असो नाहीतर नाही.

आपला,
एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा