निरोप पाठवला, पण पोहोचला का? वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी वणवा नियंत्रण कक्षात वायरलेसवर बसते. या कामाला अकरा हंगाम झाले. आपण आमच्या कक्षात एकदा येऊन गेलात, भिंतीवरचा नकाशा पाहिलात, आपुलकीने चौकशी केलीत. तेव्हा बोलायचं राहून गेलं ते आज लिहिते आहे. सगळ्यांसमोर लिहिते, कारण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. डोंगरावर जी माणसं आग विझवायला चढतात, त्यांच्या घरच्यांचाही तो आहे.

हंगामापूर्वीच्या तयारीची यादी दरवर्षी निघते. ब्लोअर, वाहनं, ड्रोन, जाळरेषांची म्हणजे आग अडवायच्या मोकळ्या पट्ट्यांची कामं, उपग्रहाची सूचनायंत्रणा असं सगळं त्यात असतं आणि ते हवंच. कंट्रोल रूमचा उल्लेख मात्र ‘दूरध्वनी व्यवस्था’ या ओळीखाली येतो. आम्ही फोन उचलतो, एवढीच आमची ओळख आहे.

फोन उचलणं म्हणजे काय, ते थोडं सांगते. उपग्रहामुळे वणवा लगेच कळतो, असं आपल्याला सांगितलं जात असेल. ते अर्धं खरं आहे. उपग्रहावरच्या मोडिस सेन्सरचा नकाशावरचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण १ किलोमीटर बाजूचा चौकोन. व्हिअर्स या दुसऱ्या सेन्सरचा ठिपका ३७५ मीटरचा. त्या चौकोनात आग ओढ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ठिपका सांगत नाही. शिवाय हे उपग्रह एका जागेवरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात. मधल्या वेळात पेटलेल्या आगीची पहिली खबर माणूसच देतो, आणि तो माणूस घाबरलेला असतो. “डोंगर पेटलाय, लवकर या,” एवढंच म्हणतो. कुठला डोंगर, हे त्याच्याकडून काढून घ्यायचं असतं. तुम्ही उभे आहात तिथून सूर्य कुठल्या हाताला आहे? धूर सरळ वर जातोय की आडवा पडतोय? पांढरा आहे की काळा? आग चढतेय की उतरतेय? वर कोणाची वस्ती आहे का? धूर आडवा पडला असेल तर वर वारा आहे. पांढरा असेल तर बहुधा ओलसर पाला जळतोय. उतार १० अंशांनी वाढला की चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, हा आमच्या कामातला जुना ठोकताळा आहे. म्हणून “चढतेय” हा एक शब्द कानावर पडला की तुकडी कुठल्या वाटेने पाठवायची, हे बदलतं. दोन टेहळणी मनोऱ्यांवरून धुराची दिशा अंशांत मिळाली तर नकाशावर दोन रेघा ओढायच्या, त्या छेदतात तिथे आग. एकाच मनोऱ्यावरून मिळाली तर रेघ एकच, आणि त्या रेघेवर आग कुठेही असू शकते. हे सगळं दोन-तीन मिनिटांत करायचं असतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. फोन आम्ही सांभाळतो. पत्र आहे ते वायरलेससाठी.

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी हवामान कक्षाकडून सूचना आली की तासाभरात वारा पश्चिमेऐवजी वायव्येकडून वाहू लागेल आणि झोत जोराचे असतील. पाच तुकड्या डोंगरावर होत्या. मी सगळ्यांना एकत्र निरोप दिला, दोनदा वाचून दाखवला. एक, दोन, तीन, चार, सगळ्यांची पोच आली. पाचवी तुकडी गप्प.

मी पुन्हा हाक मारली. पुन्हा गप्प. एवढ्यात समोरचे तीनही फोन वाजायला लागले. कक्षात मी एकटी होते. एका कानाला वायरलेस आणि दुसऱ्या कानाला फोन धरून मी पाचव्या तुकडीला हाका मारत होते. फोनवर एक बाई विचारत होत्या, “घर सोडू का? वडिलांना उठता येत नाही.” मी त्यांना “थांबा, ताई” म्हणाले. मला म्हणायचं होतं, लाईनवर थांबा. पुढे बोलायच्या आत लाईन कट झाली. त्यांनी त्याचा अर्थ ‘घरातच थांबा’ असा घेतला असेल तर? हा विचार रात्रभर मला सोडत नव्हता. दुसऱ्या दिवशी कळलं की शेजाऱ्यांनी त्यांच्या वडिलांना उचलून बाहेर काढलं होतं.

पाचवी तुकडी डोंगराच्या मागच्या अंगाला होती. तिथे वायरलेसचा आवाज पुढे पाठवणारा रिपीटर पोहोचत नाही. आम्ही त्याला ‘सावली’ म्हणतो. ऊन असो नसो, वायरलेसच्या दृष्टीने ती बाजू सावलीतच असते. शेवटी दुसऱ्या तुकडीचा प्रमुख समोरच्या सोंडेवर आहे हे आठवलं. त्याला म्हटलं, “पाच मला मिळत नाहीत. तुम्ही सेट टू सेट बघा. वारा फिरणार आहे, काळ्यात या म्हणावं.” सेट टू सेट म्हणजे रिपीटरशिवाय, एका सेटवरून थेट दुसऱ्यावर. काळ्यात म्हणजे जळून गेलेल्या पट्ट्यात, जिथे आगीला खायला काही उरलेलं नसतं. ३ वाजून ३१ मिनिटांनी त्याचा आवाज आला, “पाच काळ्यात आले. नऊच्या नऊ. ओव्हर.” वारा ३ वाजून ५२ मिनिटांनी फिरला आणि आधी ते ज्या झुडपांत काम करत होते ती संपूर्ण बाजू पेटली.

मंत्रिमहोदय, नंतर चौकशी झाली. साहेबांनी नोंदवही पाहिली. ‘निरोप पाठवल्याची वेळ : १५.१०’. ते म्हणाले, “तुमच्याकडून निरोप वेळेत गेला आहे. तुमच्यावर काही येत नाही.” त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितलं, हे मला कळतं. पण १५.१० ते १५.३१ ही एकवीस मिनिटं त्या नोंदवहीत कुठेच नव्हती. ती नऊ माणसं परतली नसती, तरी नोंद हीच राहिली असती आणि माझ्यावर तेव्हाही काही आलं नसतं.

त्यानंतर मी जुन्या दुर्घटनांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेत मोंटानामधल्या मान गल्च इथे १३ जण वणव्यात गेले. तुकडीचा रेडिओ विमानातून टाकला तेव्हा त्याचं पॅराशूट उघडलं नाही आणि रेडिओचा चुरा झाला. म्हणजे तेव्हा साधनच नव्हतं. ६ जुलै १९९४ रोजी कोलोरॅडोत स्टॉर्म किंग डोंगरावर १४ जण गेले. तेव्हा साधन होतं आणि इशाराही होता. थंड हवेची आघाडी येणार, वारा वाढणार, हे हवामान खात्याने आधीच सांगितलं होतं. डोंगराच्या उतारावर काम करणाऱ्यांपर्यंत मात्र ते पोहोचलं नाही. ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनात यार्नेल हिल इथे एकाच तुकडीचे १९ जण गेले. त्यांच्या शेवटच्या वाटचालीतली ३३ मिनिटं अशी आहेत की त्या वेळेतलं खात्रीलायक संभाषण चौकशी अहवालाला सापडलं नाही. ती ३३ मिनिटं वाचून मी पान मिटलं. मला माझी एकवीस मिनिटं आठवली.

या तिन्ही ठिकाणची कारणं अनेक आहेत. एकट्या रेडिओवर ती ढकलता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. पण निरोप दिला की काम झालं, ही समजूत आपल्याकडे अजून कागदावर छापलेली आहे. ती बदलणं आपल्या हातात आहे.

माझी मागणी म्हणाल तर एका रकान्याची आहे. आमच्या नोंदवहीच्या छापील नमुन्यात ‘पाठवल्याची वेळ’ या रकान्याशेजारी ‘पोच मिळाल्याची वेळ’ हा रकाना हवा, प्रत्येक तुकडीसाठी वेगळा. पोच म्हणजे नुसतं “हो, ओके” नव्हे. तुकडीप्रमुखाने निरोप आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायचा. हवामानाचा इशारा असेल आणि एका जरी तुकडीचा रकाना रिकामा असेल, तर तो इशारा पोहोचलेला नाही असं धरायचं आणि वरच्या अधिकाऱ्याने लगेच त्यामागे लागायचं. हा नियम लेखी हवा.

रकाना आला की तो भरायला माणूस लागेल, हे उघड आहे. म्हणून आग चालू असताना फोनवर एक आणि वायरलेसवर दुसरी व्यक्ती असलीच पाहिजे. दोन्ही कामं एका माणसाकडे दिली की दोन्हीकडे अर्धा माणूस उरतो. त्या दिवशी त्या ताईंच्या वाट्याला माझा तो अर्धा भागच आला. आणि हंगाम सुरू होण्याआधी कोणीतरी सेट घेऊन प्रत्येक डोंगराची मागची बाजू चालून यावी, म्हणजे सावल्या नकाशावर येतील. मी माझ्या ओळखीच्या सात सावल्या स्केचपेनने काढून ठेवल्या आहेत. मी बदलून गेले की तो कागदही जाईल.

आमच्या पदाचं वर्गीकरण लिपिक गटात आहे. अमेरिकेतही आपत्कालीन फोन घेणाऱ्यांना सरकारी व्यवसाय-वर्गवारीत कार्यालयीन कामगारांतच धरलं गेलं आणि ते बदलण्यासाठी २०१९ पासून त्यांच्या संसदेत विधेयकं येत राहिली. आमचंही बदलावं असं मला वाटतं. पण दोन्हींतलं एकच होणार असेल तर आधी रकाना द्या.

नोंदवह्या हंगामाच्या दोन महिने आधी छपाईला जातात. त्याआधी आपल्या सहीचा एक आदेश निघाला तर यंदाच होऊ शकेल. तोवर आमच्या कक्षात आम्ही चौघीजणी पोचेची वेळ समासात पेन्सिलीने लिहितो.

आपली,
वणवा नियंत्रण कक्षातील एक वायरलेस ऑपरेटर