निशाणी डावा अंगठा

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हीच बजावलंत, "माझं नाव आलं तर त्या गावात कुणाच्या तरी लक्षात येईल मी कशाला आले होते ते." म्हणून नुसतं ताई.

गेल्या मे महिन्यात तुमच्यासमोर येऊन बसले ती भांडायच्या तयारीनेच. मला दत्तक दिलं त्या संस्थेत जन्मदातीचा शोध घेताना 4 वर्षं तेच करत होते. तुमच्या आधी त्या खुर्चीवर जे गृहस्थ होते, त्यांनी सांगितलं होतं की 1991 च्या फायली 2019 च्या पुरात गेल्या. संस्था टेकावर आहे! पूर टेकाड चढला असणार, जिन्याने वर गेला असणार आणि नेमकं 1991 चं कपाट भिजवून गुपचूप खाली उतरला असणार. त्याआधीच्या बाईंनी तर अर्ज हातातही घेतला नाही. "चांगलं घर मिळालं, शिकलीस, नोकरी लागली. आता कशाला उकरून काढतेस? आईवडिलांना काय वाटेल?" आईवडील बाहेर बाकावरच बसले होते. मला घेऊन तेच आले होते.

मधे एक 'शोध लावून देणारा'ही भेटला, 40,000 आगाऊ मागत होता. तिऱ्हाइताला असा शोध घेताच येत नाही, 18 पूर्ण झालेल्या दत्तक मुलाला स्वतः अर्ज करता येतो, हे सरकारच्या दत्तक नियमावलीत आहे. ते मला पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत. पण लगेच हेही म्हणालात, "फाईल आहे. मात्र त्यांच्या होकाराशिवाय नाव-गाव देणार नाही. तुमचा हक्क आहे, तसा त्यांचाही आहे." खोटं कशाला बोलू, तेव्हा मी मनातल्या मनात तुम्हालाही त्या दोघांच्या रांगेत बसवलं.

मग तुम्ही उठून पंखा बंद केलात. मे महिन्यात. जन्मदातीने मला सोपवल्याचा कागद घडीवर विरत आला होता, वाऱ्याने फाटला असता. खणातून दोन पट्ट्या काढल्यात, एक लाकडी, एक प्लास्टिकची. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना नाव लिहिलेलं असतं, त्यावर एकेक पट्टी ठेवलीत. वरचा मजकूर माझ्याच अर्जाने झाकलात आणि फाईल माझ्याकडे फिरवलीत. मधे तेवढा अंगठा उरला. जांभळट, एका कडेला शाई फासटलेली. खाली 'नि. डा. अं.'

"हात लावा," म्हणालात.

मी माझा अंगठा त्यावर ठेवला. माझा मोठा निघाला. तुम्ही आईलाही आत बोलावलंत. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "पोरच होती गं."

त्यानंतर मी किती रडले ते तुम्ही पाहिलंत. घामाने सगळेच चिंब झालो होतो, तरी फाईल बांधून होईपर्यंत कुणी पंखा लावला नाही.

नियम त्या दोघांनाही हाच लागू होता. नाव देऊ नका एवढंच त्यात होतं. खोटं बोला, पोरीला हाकलून लावा, असं कुठे होतं?

पुण्यात 1863 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी फसलेल्या विधवांना बाळंतपणासाठी आपल्या घराचं दार उघडलं आणि तिथेच जन्मलेल्या यशवंताला पुढे दत्तक घेतलं. त्याच्या जन्मदातीचं नाव काशीबाई, हे आज आपल्याला ठाऊक आहे. हे वाचलं की मला पूर्वी यशवंताचा हेवा वाटायचा. (हसू नका.) माझ्या जन्मदातीचं नाव मला अजून ठाऊक नाही, कारण तिने नको म्हटलं. पण तिला ते कुणीतरी विचारलं, नीट विचारलं, याचं मोल आता कळतं. बचत गटाची बाई म्हणून तुम्ही तिच्या दारात गेलात, चहा घेतलात, आणि सासू विहिरीवर जाईपर्यंत कर्जाच्या हप्त्यांवर बोलत बसलात. हे कुठल्या नियमावलीत असतं?

नकार तुम्ही पत्राने कळवला नाहीत. रविवारी संध्याकाळी फोन केलात आणि आधी विचारलंत, "जवळ कुणी आहे ना?" मग सांगितलंत की घरात कुणालाच माहीत नाही, भेटणं जमायचं नाही. आणि तिने एकच विचारलंय.

"पाऊल सरळ झालं का?"

मी जन्मले ती डावं पाऊल आत वळलेलं घेऊन. दर आठवड्याला प्लॅस्टर बदलायला आई मला कडेवर घेऊन दोन बस बदलून जायची. पुढे एक ऑपरेशनही झालं. पायामुळेच मला टाकलं असणार, असं मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. आता तसं वाटत नाही. का, ते नीट सांगता येणार नाही.

फोटो पाठवू का विचारलं, तर तुम्ही नको म्हणालात, घरात सापडेल. पटलं. तेव्हा त्या बाजूला पुन्हा कधी हप्त्यांचं बोलायला गेलात, तर एवढा निरोप द्या: सरळ झालं. सिंहगड चढते. फक्त डाव्या पायाला चप्पल एक नंबर लहान लागते.