मोठी मायच्या अंगठ्याची शाई पुसणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय. तुमच्या वाचनालयात येऊन आभार मानले तर तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणाल आणि पुढचं पुस्तक हातात ठेवाल. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गल्लीत आता अकरा घरांतून रात्री जेवणं आटोपली की कुणीतरी मोठ्यानं वाचतं. कापूस वेचणीचे दिवस आहेत, माणसं कंबर धरून घरी येतात, तरी वाचतात. पुस्तकं तर आधीही मिळत होती. तुम्ही ती निवडून दिलीत आणि निवडायची कशी तेही दाखवलंत.

आधी काय काय पदरात पडलं तेही लिहितो, कारण तो राग अजून गेलेला नाही. एका दुकानानं दहा पुस्तकांचा बोधकथांचा संच गळ्यात मारला. कागद चकचकीत, भाषा कोरडी, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी चौकटीत तात्पर्य. एका शाळेनं इयत्तावार यादी दिली, खाली सूचना: वाचून झाल्यावर दहा प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून आणावीत. मग पोरांना गोष्टीच्या पहिल्याच ओळीत प्रश्न दिसायला लागले. एका मोठ्या वाचनालयात मुलांची पुस्तकं काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली. उघडायला सांगितलं तर ‘पोरं फाडतात’ एवढंच उत्तर. एका व्याख्यात्यांनी मोबाइलच्या दुष्परिणामांवर तासभर सांगितलं, पण मोबाइल काढून घेतल्यावर त्या हातात कोणतं पुस्तक द्यायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

तुम्ही पहिल्या दिवशी ‘मूल कितवीत आहे?’ असं विचारलंच नाही. तुम्ही विचारलंत, ‘घरी वाचणार कोण?’

त्या एका प्रश्नानं सगळं बदललं. मोठ्यानं वाचायचं पुस्तक आधी वाचणाऱ्याच्या तोंडात बसावं लागतं, मगच ते मुलाच्या कानात शिरतं. तुमची परीक्षा आता गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. पुस्तक मधूनच उघडायचं, कारण पहिल्या पानावर सगळेच मेहनत घेतात. मनात न वाचता, उभ्या उभ्या, एक पान मोठ्यानं वाचायचं. तीनदा अडखळलं की पुस्तक परत फळीवर. वाक्य एका श्वासात मावतंय का ते बघायचं. बारा-पंधरा शब्दांच्या पुढे वाक्य गेलं की दमलेल्या माणसाचा आवाज शेवटाला बसतो, आणि मराठीत क्रियापद नेमकं शेवटी असतं. म्हणजे पळाला, पडला की सापडला, तेच ऐकू येत नाही. पोर मग ‘काय? काय?’ करतं, वाचणारा चिडतो, आणि दोष पोराच्या लक्षावर जातो. दुसऱ्या भाषेतून शब्दाला शब्द लावून आणलेल्या पुस्तकांत ही खोड फार. ‘ज्या झाडाच्या खाली जो ससा राहत होता तो’ अशी वाक्यं डोळ्यांना चालतात, जिभेला चालत नाहीत.

दुसरी गोष्ट आम्हाला आयुष्यात कुणी सांगितली नव्हती. आपल्याकडे बोलणं आधी छापतात आणि ‘असं कोल्हा म्हणाला’ नंतर येतं. वाचणाऱ्यानं तोवर म्हातारीचा आवाज काढलेला असतो. तुम्ही मऊ शिसपेन्सिलनं समासात ‘को’, ‘म्हा’ अशी अक्षरं घालून दाखवलीत, म्हणजे डोळा आधी समासावर जातो आणि आवाज तयार राहतो. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवायची परवानगी देणारं माणूस आम्ही पहिल्यांदा पाहिलं. ‘खोडरबर आहे ना,’ एवढंच म्हणालात.

आणि त्या कागदी पट्ट्या! प्रत्येक पुस्तकात वितभर पट्टी, तिच्यावर तुमच्या बारीक अक्षरात: ‘७ मिनिटं. पान ९ ला थांबा.’ ही मिनिटं तुम्ही अंदाजानं लिहीत नाही, हे नंतर कळलं. सोळा पानं, पानाला तीसेक शब्द, म्हणजे पाचशेच्या आत. सरळ वाचलं तर चार मिनिटांत संपेल, पण चित्रावर बोट ठेवणं, ‘हा का रडतो?’ हे विचारणं, पान पोरालाच उलटायचं असणं, हे धरून सात. घरोघरी पुस्तकं जाडी बघून उचलली जातात आणि तिथेच फसगत होते: बारीक टायपातलं बारा पानांचं पातळ पुस्तक वीस मिनिटं खातं. निम्म्यात झोप लागली की शेवट राहून जातो आणि दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकाला कुणी हात लावत नाही. आणि पान ९ का? ते उजव्या हाताचं. चांगल्या चित्रपुस्तकात उत्कंठा उजव्या पानाच्या तळाशी ठेवलेली असते, उत्तर पान उलटल्यावर. तिथे श्वासभर थांबलं की आमच्याकडची पोरं ओरडतात, ‘मंग काय व्हयनं?’ ज्या पुस्तकात शेजारच्याच पानावरचं चित्र उत्तर सांगून टाकतं, ते तुम्ही वाचून दाखवायला देतच नाही.

छापील वयाबद्दल तुम्ही दोनच वाक्यं बोललात, पण ती सगळ्या पालकांनी ऐकावीत. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनाच्या पुस्तकांवर १ ते ४ अशी पातळी असते. ती मूल स्वतः वाचणार असेल तर उपयोगी. ऐकण्याची समज वाचण्याच्या पुष्कळ पुढे असते. पहिलीतल्या ज्या पोराला जोडाक्षर फुटत नाही, त्याला चौथीची गोष्ट कानानं सहज कळते. म्हणून ऐकवायला वरच्या पातळीचं आणि स्वतः वाचायला खालच्या पातळीचं, अशी दोन वेगळी पुस्तकं द्यायची.

घरात चार वर्षांचं आणि नऊ वर्षांचं अशी दोन असतील तर? तुम्ही पालुपद असलेली गोष्ट काढता. धाकटं पालुपद म्हणतं, आणि मोठ्यासाठी चित्रात काहीतरी लपलेलं असतं, ते तो शोधतो. पालुपद आपल्याकडे नवं नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत पोरी घरोघरी गुलाबाईची गाणी म्हणतात, त्यांत तीच ओळ फिरून फिरून येते आणि दोन दिवसांत धाकट्या बहिणीलाही पाठ होते. म्हणून एकच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर ते बदलून न देता मुदत वाढवून द्यायची, हा तुमचा नियम आम्हाला पटला.

पुस्तकाच्या अंगाकडेही तुमच्यासारखं कुणी बघत नाही. एका पोराला डावीकडे, एकाला उजवीकडे घेऊन बसलं की दोन्ही हात अडकतात. पुस्तक आपलं आपण उघडं राहायला हवं. मधोमध पिन मारलेलं किंवा दोऱ्यानं शिवलेलं राहतं. नुसत्या गोंदावर चिकटवलेलं मिटतं, दाबलं की पाठ तडकते, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की गोंद वाळून पानं सुटतात. चकचकीत कागदावर बल्ब चमकतो, आजूबाजूच्यांना चित्र दिसत नाही. गडद चित्रावर पांढरी अक्षरं असतील तर चाळिशी लागलेल्यांनी ते पुस्तक घेऊच नये. सुटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. पातळ कागदाची बोटभर पट्टी आणि मैद्याची खळ लावा. त्यातही तुमची बारकाई अशी की बाइंडर वापरतो ती विषारी मोरचूद घातलेली खळ मुलांच्या पुस्तकाला चालत नाही, कारण लहानगी पान तोंडात घालतात. साधी खळ, त्या दिवशीची ताजी, आणि वर रात्रभर पाट.

तात्पर्याच्या चौकटीवर तुमचा उपाय सरळ: ती वाचायचीच नाही. गोष्ट संपली की पुस्तक मिटायचं आणि गप्प बसायचं. पोर बोललं तर ऐकायचं.

एवढं सगळं शिकवलंत, तरी पत्र लिहायला बसलो ते यातल्या कशासाठीही नाही.

आमच्या गल्लीतल्या एका घरात आई-बाप पहाटे शेतात जातात आणि अंधार पडल्यावर येतात. नातीजवळ असते ती मोठी माय. तिला अक्षर येत नाही. नात तिचा हात धरून तुमच्याकडे आली, तेव्हा ‘वाचणार कोण?’ या तुमच्या प्रश्नावर नातीनं आजीकडे बोट दाखवलं आणि म्हातारी ओशाळून दाराकडे वळली. तुम्ही खुर्चीतून उठलात. नोंदवही उलटी फिरवून तिच्यापुढे ठेवलीत आणि अहिराणीत विचारलंत, ‘माय, तुनं नाव काय शे?’ वाचकाच्या नावाच्या रकान्यात तिचं पूर्ण नाव लिहिलंत. नातीचं नाही, मुलाचं नाही, तिचं. तिनं सवयीनं अंगठा पुढे केला. शाईचा ठसा उमटला, आणि ती अंगठा पुसायला भिंत शोधू लागली. कुठल्याही कचेरीत जाऊन बघा, टेबलाशेजारची भिंत निळ्या बोटांनी भरलेली असते. तुम्ही तिचा हात धरलात, पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात भिजवलंत आणि तिचा अंगठा पुसलात. नखाच्या कडेची शाईसुद्धा. मग म्हणालात, ‘पुस्तकाला डाग नको.’

ताई, तो अंगठा आजवर सोसायटीच्या कर्जावर आणि सातबाऱ्याच्या कामात उठला. पुस्तकासाठी पहिल्यांदा उठला.

तुम्ही तिला शब्दांविनाचं चित्रपुस्तक दिलंत आणि ते निवडतानाही दोन पुस्तकं बाजूला सारलीत. एकात प्रत्येक पानावर नुसती गर्दी, धागाच नाही. दुसऱ्यात मुलीचे कपडे पानागणिक बदलत होते, म्हणजे ती तीच मुलगी हे ओळखू येईना. तिसऱ्यात लाल झबल्याचं एकच पोर पहिल्यापासून शेवटापर्यंत, आणि प्रत्येक पानावर एकच गोष्ट बदललेली. सांगितलंत की पहिल्यांदा नुसतं बघा, बोलू नका. दुसऱ्यांदा गोष्ट सांगा. ‘हे काय, ते काय’ विचारत बसू नका, त्यानं गोष्टीची शाळा होते. आणि सांगा तुमच्या बोलीत. आता मोठी माय त्या चौदा चित्रांची गोष्ट अहिराणीत सांगते, दर रात्री थोडी वेगळी, आणि शेजारची पोरं ओट्यावर येऊन बसतात.

अहिराणीनं पोराचं मराठी बिघडतं म्हणणारे आम्हाला पुष्कळ भेटले. तुम्ही म्हणालात, छापलेली ओळ छापल्यासारखीच वाचा, अडलेला एखादा शब्द चित्रावर बोट ठेवून बोलीत सांगा, ओळ न् ओळ उलथवू नका, नाहीतर गोष्टीची चाल मोडते. आमच्याच जळगाव जिल्ह्यात आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी जात्यावर, शेतात रचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि त्या गेल्यानंतर १९५२ साली ती पुस्तकात आली. ज्या मुलखानं हे पाहिलं, तिथे अक्षर न येणाऱ्या बाईला वाचनालयाच्या दारातून परत पाठवलं जाऊ नये. तुम्ही पाठवलं नाही.

चांगुलपणा बहुतेक असाच असतो, हातासरशी केलेला, कुठल्या नियमात न लिहिलेला. तुमचं वाचनालय छोटं, अनुदान तुटपुंजं, तुमचा पगार सांगण्यासारखा नाही, हे आम्हाला माहीत आहे. पैसा असलेल्या ठिकाणी कुलूप होतं. तुमच्या खोलीत पंखा नीट फिरत नाही आणि तरी माणूस तिथून मान वर करून बाहेर पडतं. अशी माणसं गावोगाव असतात, त्यांची नावं कुठल्या फलकावर येत नाहीत, आणि त्यांच्याच जिवावर गाव गाव म्हणून उभं राहतं.

सोबत चार पुस्तकं परत पाठवतोय. ससा असलेल्या पुस्तकाचं पान ११ सुटलं होतं, साध्या खळीनं लावलंय. सोमवारपर्यंत उघडू नका. एका पट्टीवर ‘९ मिनिटं’ आहे, आमच्याकडे त्याला चौदा लागतात, कारण बोकड आला की सगळी पोरं बें-बें करतात, ते दुरुस्त करून घ्या. लाल झबल्याच्या पुस्तकाची मुदत गुरुवारी संपते. मोठी मायच्या नावावर आणखी पंधरा दिवस वाढवून द्या. ती स्वतः येणार आहे अंगठा द्यायला.

तुमची,
गल्लीतली अकरा घरं