खातं भाड्यानं देणाऱ्या पोरांचं काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन जुगारबंदीच्या कायद्यावर सगळ्या पेपरांत बरंच छापून आलं. कंपन्यांचं काय झालं, क्रिकेट टीमच्या जर्सीवरचं नाव कसं गेलं, टॅक्स किती बुडणार, सगळं वाचलं, पण आमच्या काळाचौकीत जे चाललंय ते कुठंच दिसलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. मी बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झालो, वकील वगैरे नाही, तरी गेले काही महिने हा कायदा समजून घेण्यातच गेले कारण प्रकरण घरात आलं.

माझा भाचा 22 वर्षांचा, गोदामात कामाला. त्याला एका ओळखीच्या पोरानं सांगितलं की एक नवीन खातं उघड, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम असं पूर्ण किट आम्हाला दे, महिन्याला 8 हजार घे, तुला काही करायचं नाही. त्यानं दिलं. तीन महिन्यांनी ते खातं फ्रीज झालं, मग पगाराचं खातं पण फ्रीज, आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची नोटीस दारात. बहिणीनं स्टेटमेंटची प्रिंट काढून आणली ती मी चष्मा लावून ओळ न ओळ वाचली. 500, 300, 1000, परत 500, एकेका दिवसात दीडशे-दोनशे एन्ट्र्या, सगळी नावं अनोळखी, कोण कुठला माहीत नाही, आणि थोड्या थोड्या वेळानं जमलेले सगळे पैसे उचलून दुसऱ्याच खात्यात. शेवटी शिल्लक 212 रुपये. ते 500 म्हणजे कुणीतरी सट्ट्याची आयडी, म्हणजे ऑनलाइन सट्टा लावायचं लॉगिन, घेऊन भरलेले 500, एवढं कळायला मला दोन दिवस लागले.

आता कायदा बघा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन गेम बंद, मग तो डोक्याचा असो नाहीतर नशिबाचा. हे मला मनापासून पटलं, कारण रमी म्हणजे कौशल्य, नुसता नशिबाचा जुगार नाही, असं सुप्रीम कोर्टानं 1968 मध्ये म्हटलं आणि घोड्यांच्या शर्यतीबद्दल 1996 मध्ये म्हटलं, त्याच वाटेनं ही सगळी ॲप घरात घुसली होती. गेम चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तो बळी आहे असं सरकारनं मानलं, तेही बरोबर. पण पैशाचे व्यवहार करून देणारा जो कोणी असेल, बँक असो की आणखी कुणी, त्यालाही तीच 3 वर्षं आणि तोच 1 कोटी. हा "आणखी कुणी" म्हणजे उद्या माझा भाचा. आयडी विकणारा टेलिग्रामवर बसलाय, त्याच्या वरचा देशाबाहेर बसलाय, आणि नाव, पत्ता, आधार, सही सगळं हाताशी असलेला एकच माणूस सापडतो तो म्हणजे चाळीतला पोरगा.

बरं, संविधानानं जुगार हा विषय दिलाय राज्यांना. म्हणून तर इतकी वर्षं एकेका राज्यात एकेक तऱ्हा. सिक्कीमनं 2008 मध्ये ऑनलाइनला लायसन द्यायचा कायदा केला, तेलंगणानं 2017 मध्ये पार बंदी घातली, तमिळनाडूनं 2022 मध्ये स्वतःचा वेगळा कायदा केला, गोव्यात कॅसिनो उघड चालतात. आणि आपला महाराष्ट्र? आपण अजून 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यावर आहोत. 1976 चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नव्हता, तो 2023 मध्ये रद्द केला हे चांगलं झालं, पण 1887 चा कायदा बोलतो अड्ड्याबद्दल, घर, खोली, जागा. मटक्याला तो चालायचा. माझे वडील मिलमध्ये होते, पगाराच्या दिवशी गेटबाहेर ओपन-क्लोजच्या चिठ्ठ्या फाडायला माणूस बसलेला असायचा, सगळ्या लालबाग-परळला माहीत होतं तो कुठं बसतो, आई मला तिकडं पिटाळायची वडिलांना घरी आणायला. धाड पडायची ती जागेवर पडायची. आता धाड कुठं घालणार, पोराच्या खिशात?

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो तर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा म्हणाले, बँकेत गेलो तर पोलिसांचं पत्र आणा म्हणाले, असं चार वेळा झालं. बहिणीनं बांगड्या मोडून वकिलाची फी भरली.

माझं राज्य सरकारला एवढंच मागणं आहे की केंद्रानं केलं म्हणून हात झटकू नका, तपास आपल्याच पोलिसांनी करायचाय. 1887 च्या कायद्यात मोबाइल आणि भाड्याची खाती आणा, आणि जो पोरगा स्वतःहून येऊन सांगेल की मी खातं दिलं, ह्या माणसाला दिलं, त्याला साक्षीदार करायची काहीतरी सोय ठेवा. नाहीतर एकही पोरगा तोंड उघडणार नाही आणि वरचा माणूस कधीच सापडणार नाही. भाच्याला सगळं सांगायचं होतं, किट कुणी नेलं तेही माहीत होतं, पण बोललो तर मीच आत जाईन ह्या भीतीनं तो दीड महिना गप्प बसला आणि तेवढ्यात तो माणूस सिम बंद करून गायब.

आमच्या मंडळाच्या फळ्यावर मी स्वतः खडूनं लिहिलं, "बँक खातं भाड्यानं देऊ नका, जेल होऊ शकते." दुसऱ्याच दिवशी रात्री दोन पोरं जिन्यात थांबून हळूच विचारायला लागली, काका, आधीच दिलं असेल तर? मी त्यांना म्हटलं आधी बँकेत लेखी अर्ज देऊन खातं बंद करा, शिक्का मारलेली पोच घ्या, आणि आईवडिलांना आजच सांगा. त्यातला एक रडायलाच लागला, त्याचं किट जाऊन पाच महिने झालेत.

आपला वाचक,
एक निवृत्त कंडक्टर,
काळाचौकी, मुंबई