मालकाला मिळालेल्या मंजुरीची प्रत कामगाराच्या हातात द्या

महोदय,

परदेशी नोकरीच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या बातम्या आपल्या अंकात नेहमी वाचतो. त्यांत एजंट असतो, त्याने उकळलेले पैसे असतात, तिकडे अडकलेला मुलगा आणि इकडे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढणारे त्याचे आईवडील असतात. एक कागद मात्र त्या बातम्यांत कधी येत नाही. माझी जवळजवळ सगळी नोकरी त्या एका कागदापायी गेली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आखातातल्या एका देशात, एका बांधकाम कंपनीच्या कर्मचारी विभागात मी एकवीस वर्षे काम केले. परदेशी माणूस कामावर ठेवायचा तर मालकाला तिथल्या सरकारची मंजुरी घ्यावी लागते. त्या अर्जाची कागदपत्रे मी तयार करायचो आणि मंदूब ती घेऊन कचेऱ्या पालथ्या घालायचा. (मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामे करणारा माणूस. आखातात राहून आलेल्या कुणालाही हा शब्द ठाऊक असतो.) मालक अर्जात लिहून देतो की इतकी माणसे हवीत, अमुक देशाची, अमुक कामाला. मंजुरीही तशीच रकान्यांत येते: गवंडी तीस, सुतार वीस, साधा कामगार चाळीस. याला आम्ही ब्लॉक व्हिसा म्हणायचो. मग तो मुंबईच्या एजंटाकडे जायचा आणि तिथे मुलाखती सुरू व्हायच्या.

२००६ सालची गोष्ट आहे. आम्हाला तातडीने चौदा वेल्डर हवे होते आणि मंजुरीत शिल्लक होते ते फक्त साधे कामगार. वेल्डरसाठी नवा अर्ज केला असता तर तीन-चार महिने गेले असते. वरून हुकूम आला, साध्या कामगारांच्या व्हिशावर वेल्डर आणा. मुंबईत त्यांची रीतसर ट्रेड टेस्ट झाली, एजंटाने छापील कागदावर वेल्डरचा पगार लिहून दिला आणि ते चौदा जण आले. इकाम्यावर (तिथे राहण्याच्या परवान्यावर) मात्र प्रत्येकाच्या नावापुढे ‘साधा कामगार’. अक्षरे अरबी असल्यामुळे पहिले काही महिने कुणाला पत्ताही लागला नाही. हातात पगार यायला लागला तेव्हा लागला.

त्यांच्यातला एक जण, वय चाळिशीच्या आसपास, एजंटाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या टेबलापाशी आला. मराठी बोलणारा मी एकटाच होतो. तो म्हणाला, “साहेब, भांडायला नाही आलो. सरकारकडे माझ्या नावापुढे काय लिहून दिलंय, तेवढं सांगा.” फाइल माझ्या खणात होती. ती कंपनीची खासगी फाइल आहे, असे मला बजावलेले होते. “चौकशी करून सांगतो,” असे म्हणून मी त्याला परत पाठवले. पुढे तो हिंमत करून लेबर ऑफिसात गेला. तिथल्या अधिकाऱ्याने आपल्याकडची नोंद पाहिली. काम साधे कामगार, पगार साध्या कामगाराचा, आणि तेवढा कंपनी देतच होती. मुंबईच्या एजंटाच्या कागदाला तिथे कुणी विचारले नाही. उलट, नोंदवलेले काम सोडून तू दुसरे काम का करतोस, हाच प्रश्न त्याच्यावर आला. आठ महिन्यांत तो परत गेला. घेतलेले कर्ज तेवढ्यात फिटले असणे शक्य नव्हते. तो खण मी त्या दिवशी उघडला नाही, याची बोच आजही आहे.

तेव्हापासून माझे एकच म्हणणे आहे. परदेशी कामगार नेमण्यासाठी मालक सरकारला जे लिहून देतो, पगार, हुद्दा, कामाची जागा, तास, ते खरे तर कामगाराच्या बाजूचे सगळ्यांत भक्कम वचन असते. पण ते मालक आणि सरकार या दोघांतच राहते. ज्याच्या आयुष्याचा सौदा त्यात लिहिलेला असतो, त्याला ते वाचायला मिळत नाही. मंजुरीची प्रत त्याच्या भाषेत आणि विमानात बसण्याआधी त्याच्या हातात पडलीच पाहिजे. पोहोचल्यावर मिळालेली प्रत निम्मी वाया जाते, कारण तोवर कर्ज काढलेले असते आणि परतीचे तिकीट हातात नसते.

हे अशक्य नाही. सिंगापूरमध्ये वर्क परमिटसाठी मालकाला मनुष्यबळ मंत्रालयाकडून आधी तत्त्वतः मंजुरीचे पत्र मिळते. त्यात मूळ पगार, भत्ते, कपाती सगळे लिहिलेले असते, आणि कामगार स्वदेशातून निघण्याआधी ते त्याच्या मातृभाषेत त्याला पाठवणे मालकावर बंधनकारक आहे. संयुक्त अरब अमिरातीने २०१६ पासून नियम केला की कामगाराला कळेल अशा भाषेतल्या नोकरीच्या प्रस्तावावर आधी त्याची सही हवी, मगच मालकाचा अर्ज पुढे सरकेल. त्या भाषांत हिंदी, मल्याळम, तमिळ, उर्दू, बंगाली आहेत. अमेरिकेत एच-१बी या कुशल नोकरीच्या व्हिशावर माणूस नेमताना मालक श्रम खात्याला लिहून देतो की त्या भागात त्या कामाचा जो प्रचलित पगार आहे किंवा आपण इतरांना जो देतो, त्यांतला जास्त असेल तो देऊ. त्या अर्जाची प्रत कामगार रुजू होईल त्या दिवसापर्यंत त्याला द्यावीच लागते. आपली हजारो मुले या व्हिशावर तिकडे आहेत. त्यांच्यापैकी कितींनी ही प्रत मागून घेतली आणि त्यातला पगाराचा आकडा स्वतःच्या पगारपत्रकाशी ताडून पाहिला? माझ्या भाच्याने पाहिला नव्हता. मी सांगितल्यावर पाहिला.

मालकांची बाजूही मी जवळून पाहिली आहे आणि ती सगळीच खोटी नसते. मंजुरीला वेळ लागतो, पुलाचे काम थांबत नाही, दंडाचे कलम डोक्यावर असते. आमच्याकडे क्रेन ऑपरेटरची मंजुरी आली तेव्हा क्रेनचे काम संपून ती दुसऱ्या साइटवर गेली होती. पण मंजुरीची अट काही मालकाला छळण्यासाठी नाही. स्थानिक माणसाचा पगार पाडून त्याच्या जागी स्वस्तातला परदेशी बसवू नये, हे तिचे मूळ कारण. म्हणून कॅनडात मालकाला आधी जाहिरात देऊन स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवावे लागते, आणि मग श्रमबाजारावरच्या परिणामाचा अहवाल, ज्याला तिकडे एलएमआयए म्हणतात, तो मिळतो. त्याचे शुल्क प्रत्येक जागेमागे एक हजार कॅनेडियन डॉलर आहे आणि ते कामगाराकडून वसूल करण्यास बंदी आहे. हा शेवटचा भाग कॅनडाला निघालेल्या प्रत्येक मुलाने लक्षात ठेवावा. ‘एलएमआयएचे पैसे’ म्हणून कुणी लाखो रुपये मागत असेल, तर तिथल्या कायद्याने मालकाने भरायची रक्कम तो तुमच्या माथी मारतो आहे, आणि वर स्वतःचाही वाटा काढतो आहे.

आता आपल्या सरकारविषयी. आपला उत्प्रवासन कायदा १९८३ सालचा आहे. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा शेरा आहे त्यांना ठरावीक अठरा देशांत नोकरीला जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ई-मायग्रेट या संगणकीय व्यवस्थेत परदेशी मालकालाही नोंदणी करावी लागते. एजंटाने घ्यायचे सेवाशुल्क तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढेच, ही मर्यादाही आहे. व्यवस्था चांगली आहे, पण तिला एक मोठे भगदाड आहे. दहावी पास झाला की पासपोर्टवर ईसीआर राहत नाही आणि ही परवानगीही लागत नाही. दहावीची परीक्षा पास झाल्याने अरबी करार वाचता येत नाही. ते चौदा वेल्डर बहुतेक दहावी पास होते, काही तर आयटीआय केलेले. शिकलेला म्हणून ज्याला चाळणीतून मोकळा सोडला, तोच अलगद फसतो. म्हणून माझी केंद्र सरकारला मागणी आहे की शिक्षणाची अट न पाहता, नोकरीसाठी जाणाऱ्या प्रत्येकाला ई-मायग्रेटवर पासपोर्ट क्रमांक टाकून तिथल्या सरकारने मालकाला दिलेली मंजुरी मराठीत पाहता यावी. करार वेगळा आणि मंजुरी वेगळी. करार एजंट दोन प्रकारचे करून आणू शकतो. मंजुरी एकच असते.

आपल्या राज्य सरकारनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. तिकडे मालकाला पगार, तास, कामाचे स्वरूप एका फॉर्मवर लिहून द्यावे लागते आणि अनेक नोकऱ्यांसाठी संघीय रोजगार संस्था तो पगार तिथल्या माणसांच्या पगाराशी ताडून पाहते. जर्मन भाषेचे वर्ग घेतले जातात त्यातच एक तास हा फॉर्म वाचायला शिकवला तर किती बरे होईल!

कागद मिळाला तरी एक अडचण उरते, आणि तिच्याविषयी बोलले नाही तर माझे म्हणणे अर्धवट राहील. मंजुरी मालकाच्या नावाने असते. मालक गेला की कामगाराचे त्या देशातले पायाखालचे जोते निघते. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्धांची सेवा करणाऱ्या केअर वर्करसाठी दार उघडले. पुढे शेकडो संस्थांचे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी कामगार नेमण्याचा परवाना, रद्द झाले. गुन्हा मालकाचा, पण साठ दिवसांत नवा मालक शोधण्याची पाळी कामगारावर. जुलै २०२५ मध्ये तर त्या कामासाठी बाहेरून नवी भरतीच बंद झाली. अशा वेळी तक्रार कोण करील? कॅनडाने २०१९ पासून, मालकाकडून छळ होत असलेल्या कामगाराला कुठल्याही मालकाकडे काम करता येईल असे खुले परमिट देण्याची सोय केली आहे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. दुसऱ्या देशांशी करार करताना आपल्या सरकारने हे मुद्दे टेबलावर ठेवले पाहिजेत. फक्त ‘इतकी माणसे पाठवू’ एवढा आकडा नको.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी एक गोष्ट केली. बावीस माणसांच्या एका तुकडीची मंजुरी आली, तेव्हा तिच्यातले रकाने मराठी आणि हिंदीत अर्ध्या पानावर उतरवून मी मुंबईला पाठवले आणि प्रत्येकाला वाचून दाखवायला सांगितले. तिघांनी येण्यास नकार दिला. त्यावरून मला बरेच ऐकून घ्यावे लागले. आलेल्या एकोणीस जणांपैकी पगाराची तक्रार घेऊन माझ्या टेबलाशी कुणी आले नाही.

संपादक महोदय, आपल्याच अंकात परदेशी नोकऱ्यांच्या जाहिराती छापल्या जातात. त्या स्वीकारताना एजंटाचा नोंदणी क्रमांक आणि मालकाला कोणत्या कामासाठी, किती जागांची मंजुरी मिळाली आहे, एवढे दोन तपशील जाहिरातीत असल्याशिवाय ती घेऊ नये, अशी माझी आपणास कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी अधिकारी
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)