वजन घटवण्याच्या जाहिराती छापू नका, शाळकरी मुलं त्या वाचतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सांगलीत हायस्कूलला शिकवते, नववी-दहावीचे वर्ग असतात माझ्याकडे, आणि मधल्या सुट्टीत सध्या जे बघतेय ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुलींचे डबे भरलेलेच घरी परत जातात. विचारलं की "भूक नाही मॅडम, इंटरमिटंट चालूय" असं सांगतात, म्हणजे ठरावीक तास उपाशी राहायचं डाएट. चौदा वर्षांच्या पोरीचं कसलं इंटरमिटंट हो! रीलमधल्या कुठल्यातरी तिशीतल्या बाईचा हजार-बाराशे कॅलरीचा प्लॅन जसाच्या तसा उचलायचा, अ‍ॅपवर भाकरी मोजायची आणि रात्री नुसती काकडी खाऊन झोपायचं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या हिशोबाने 13 ते 15 वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण 2400 कॅलरी लागतात, 16 ते 18 ला 2500, म्हणजे बैठं काम करणाऱ्या तिच्या आईपेक्षा कितीतरी जास्त, कारण हाडं भरायचं वयच हे आहे. त्यात उपाशी राहिलं की पाळी पुढेमागे होते, कधीकधी महिनोनमहिने येतच नाही आणि मुली घरी सांगत नाहीत. केस गळतात, प्रार्थनेला उभं राहिलं की चक्कर येते. आधीच देशात 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींना अ‍ॅनिमिया आहे, हे सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-5) आलंय. आम्ही शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतो, पण ती रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, म्हणून डबा न खाणारी मुलगी ती गोळी पण टाळते. जिला जास्त गरज तीच राहते.

मुलांचं पण तेच, फक्त उलट्या बाजूने. हडकुळा म्हणून चिडवलं की जिम लावायची आणि दुकानातून प्रोटीन पावडरचा डबा आणायचा, वय कोणी विचारत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत बॉडी बनवायला या पावडरी घेऊ नका असं स्वच्छ लिहिलंय, ते घरापर्यंत पोचलेलंच नाही. आणि घरात तरी काय, लग्नकार्यात भेटल्या भेटल्या मावशी-आत्यांचं पहिलं वाक्य "किती सुटलीस गं, आता कमी कर", तेही चार माणसांसमोर. कृपा करून हे बंद करा, पोरी ते वाक्य वर्षभर विसरत नाहीत.

आता तुमच्याकडे येते. तुमच्यासकट जवळपास सगळ्याच मराठी पेपरांत "15 दिवसांत वजन घटवा", "उंची वाढवा" अशा जाहिराती येतात. 1954 चा औषधे व जादूटोणा उपचार जाहिरात कायदा आहे, त्याच्या यादीत लठ्ठपणा पण आहे आणि माणसाची उंची पण आहे, यावरच्या औषधाची जाहिरात करता येत नाही आणि ती छापण्यात भाग घेणाराही त्यात येतो. पळवाट अशी की त्या कायद्यात अन्न हे औषधात धरत नाहीत, म्हणून डब्यावर "फूड सप्लिमेंट" लिहिलं की झालं. कायद्यातून सुटलं तरी वाचणारी मुलगी चौदाचीच असते ना?

माझी मागणी मोठी नाही. अशा जाहिराती घेऊ नका, आणि आरोग्य पुरवणीत डाएट छापताना "18 वर्षांखालच्या मुलांसाठी नाही" ही एक ओळ ठळक टाका. सोबत सरकारी दवाखान्यातल्या, किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या मैत्री क्लिनिकची माहिती आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिलात तर फार बरं होईल, दोन्ही मोफत आहेत पण पालकांना ठाऊकच नाहीत. दहावीची परीक्षा संपली की सुट्टीत मुलं मोकळी असतात आणि या जाहिरातीही तेव्हाच वाढतात, त्यामुळे निर्णय मार्चच्या आत व्हावा ही विनंती.

एक शिक्षिका, सांगली