मृणालला पत्र : तुझ्या फोर्डचे ब्रेक

कोल्हापूर,
रविवार सकाळ

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. आईच्या पायांची सूज उतरली. बंडू गाडी घेऊन मुंबईला आला होता, त्यामुळे सामानाचा त्रास झाला नाही.

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतेस. तिकडे कॅलिफोर्नियात, पोमोनाला मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये तेच झालं. ज्या माणसाकडे तू दोन वर्षं दर शनिवारी काम शिकतेस, त्याच्यासमोर मी तुला म्हणालो की ही गाडी विकून टाक. मराठीत म्हणालो, तरी त्यांना कळलं. हातातलं काम ठेवून ते बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांची माझ्या वतीने माफी माग. तुझी मी इथेच मागतो.

ब्रेकचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

ते वर्कशॉप मला किती आवडलं, हे तिथे सांगायचं राहून गेलं. आत पाऊल टाकलं आणि कटिंग ऑइलचा तोच वास. कोपऱ्यातला जुना साउथ बेंडचा लेथ बघून मला उद्यमनगरातली आप्पांची पत्र्याची शेड आठवली. त्याच्या चकला, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याला, हात लावला, फिरवून बघितला, तेव्हा मिस्त्री हसले. मग त्यांनी शिसं भरायचं काम दाखवलं. आपल्याकडे पत्र्याचा खड्डा पुट्टीने बुजवतात. त्यांनी आधी पत्रा घासून लख्ख केला, त्यावर कथलाचा पातळ हात दिला, अगदी भांड्याला कल्हई करतात तसा, आणि मग शिशाची कांडी गॅसवर मऊ करून लाकडी पट्टीने लोण्यासारखी पसरली. पट्टी जळू नये म्हणून तिला मेण लावतात. जरा जास्त तापलं तर सगळं ओघळून खाली. चाळीस वर्षं मी धातूत हात घातला, पण हे काम पहिल्यांदा बघितलं. तू ते करतेस तेव्हा शिसं कानशीनेच घासत जा, ग्राइंडर लावू नकोस, ती धूळ छातीत जाते. आणि जेवायच्या आधी हात साबणाने दोनदा धू.

तुझं वेल्डिंग मी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं, बोट फिरवून बघितलं. फ्रेमच्या क्रॉस मेंबरला तू मारलेली शिवण एका हाताची आहे, कुठे थांबलेली नाही. आपल्या शेडमध्ये अशी शिवण फक्त इस्माईलभाई मारायचे. हे मी तिथल्या तिथे तुला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी वाकून पेडलच्या फळीखाली बघायला गेलो आणि मला ब्रेकचं तेल ढकलणारा तो मास्टर सिलिंडर दिसला.

इंजिनाबद्दलही लिहायचं आहे. फ्लॅटहेड, म्हणजे तुझं हे जुनं फोर्डचं व्ही-8 इंजिन, मी ऐकून होतो, उघडलेलं कधी बघितलं नव्हतं. 1932 साली फोर्डने आठ सिलिंडरचा व्ही ब्लॉक एका ओतकामात काढला आणि सामान्य माणसाच्या गाडीत 65 घोड्यांचं इंजिन आलं. आपण फाउंड्रीच्या गावचे, त्यामुळे मला त्यातले कोअर, म्हणजे ओतताना पोकळी ठेवणारे वाळूचे गाभे, दिसले. आठ सिलिंडर, पाण्याची वाट, आणि एक्झॉस्ट ब्लॉकच्याच पोटातून बाहेर काढलेला. सुरुवातीला त्यांचे कितीतरी ब्लॉक मोडीत गेले, यात मला काही नवल वाटलं नाही. एक्झॉस्ट असा पाण्याच्या पोटातून नेल्यामुळेच ते तापतं. दोन-दोन वॉटर पंप असूनही तापतं. रेडिएटर चांगला घे, तिथे पैसे वाचवू नकोस.

तुझी बॉडी 1930 च्या मॉडेल ए ची. मुळात त्या गाडीला चार सिलिंडर आणि 40 घोडे. तू बसवतेयस 1946 चा व्ही-8, म्हणजे 100 घोडे. वजन तेवढंच, किंबहुना मडगार्ड काढल्यामुळे कमीच. आता इतकं लिहिल्यावर ब्रेकचं लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मास्टर सिलिंडर एकच, एकाच खणाचा. चारही चाकांना तेल त्याच्यातून जातं. एका चाकाचा रबरी कप फुटला, किंवा एका ठिकाणी पाइप चिरला, तर पेडल फळीला टेकतं आणि चारही चाकं मोकळी. तू म्हणालीस, त्या काळी असंच होतं, दोन खणांचा लावला तर ती ट्रॅडिशनल हॉट रॉड राहत नाही, त्या काळच्या पोरांनी जुन्या गाडीला जोरदार इंजिन बसवून केलेली असायची तशी.

मृणाल, म्युझियममध्ये तूच मला सगळं समजावून सांगितलंस, ते मी विमानात पुन्हा पुन्हा आठवत आलो. मॉडेल ए ला ब्रेक सळयांचे. फोर्डने 1939 च्या मॉडेलला पहिल्यांदा हायड्रॉलिक दिले, आणि त्या पोरांनी भंगारात गेलेल्या गाड्यांचे ते ड्रम काढून आपल्या जुन्या गाड्यांना बसवले. 1937 साली त्यांनी गाड्यांचा वेग मोजणारी टायमिंग असोसिएशन काढली, कारण कोरड्या तळ्यावरच्या शर्यतीत एका वेळी अनेक गाड्या सुटायच्या आणि धुळीत मागच्याला पुढचा दिसायचा नाही. युद्ध संपल्यावर विमानांच्या पेट्रोलच्या टाक्या स्वस्तात मिळाल्या, तर त्यातून गाड्या केल्या. विमानांचे पट्टे मिळाले, तर ते कमरेला बांधले. हाताला जे सगळ्यात चांगलं लागलं ते त्यांनी लावलं. त्यांना 1946 साली दोन खणांचा सिलिंडर भंगारात मिळाला असता तर त्यांनी तो सोडला असता का? तूच सांग. पट्टा तरी लाव. पट्टा तर त्यांचाच आहे.

पुन्हा भाषण झालं. खोडणार होतो, पण खोडलं तरी तुला कळेलच की खाली काय लिहिलंय.

काल दसरा चौकातून येताना तुझी आठवण झाली. तू पाच वर्षांची असशील. सीमोल्लंघनाला महाराजांची मेबॅक आली, सगळी माणसं आत कोण बसलंय ते बघत होती, आणि तू माझ्या खांद्यावरून ओरडून विचारलंस, "आण्णा, हिचं बॉनेट कधी उघडणार?" रात्री झोपेपर्यंत तोच प्रश्न. दुसऱ्या दिवशी मी तुला शेडमध्ये नेऊन जीपचं बॉनेट उघडून दिलं. तू स्टुलावर उभी राहून फॅनबेल्टला हात लावलास. आई मला तेव्हा फार बोलली होती.

आणि बेळगावची माणसं आली होती तेव्हा मी तुला रॉकेलने नखं घासून यायला लावलं, तेही आठवतं. तू परत आलीस तेव्हा बोटं लाल झाली होती आणि सगळा दिवाणखाना रॉकेलने घमघमत होता. मी ते करायला नको होतं. तिकडे मिस्त्रींच्या बेसिनशी तू काळे हात घेऊन सगळ्यांच्या रांगेत उभी होतीस, तेव्हा मला ते आठवलं आणि मी बाहेर निघून गेलो. तुला वाटलं मी रागावलोय.

दिलीपचं मी लिहिणार नाही. आंबा घाटात काय झालं ते तुला माहीत आहे. त्या जीपचे मागच्या चाकाचे कप मी बदलले होते, पुढचे पुढच्या महिन्यात करू म्हणालो होतो, एवढंच तुला माहीत नसेल. आईला माहीत आहे. आप्पांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तीसेक रुपयांचा माल होता आणि माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेला होता.

म्हणून मी त्या फळीखाली बघितलं तेव्हा मला तुझी गाडी दिसली नाही गं.

विकू नकोस. विकून टाक म्हणालो तो शब्द मी मागे घेतो. तू एल मिराजला जाणार म्हणतेस, तर जा. मोहावीत ते सपाट तळं मी तुझ्या फोनवर बघितलंय, तिथे आदळायला झाड नाही, हे आई मला रोज सांगते. मला काळजी तिथली नाहीच. तिथून घरी येताना तुमच्या त्या हायवेवर पुढचा ट्रक अचानक थांबतो, त्याची आहे.

काल संध्याकाळी शेड उघडली. लेथ चालू केला, अजून बरा चालतो, बेडला एका ठिकाणी दोन थाऊची, म्हणजे इंचाच्या दोन हजारांशाची, झीज आहे, ती मला तोंडपाठ आहे. तुझ्या पेडलच्या जागी दोन खणांचा सिलिंडर बसेल असा ब्रॅकेट मी कागदावर काढलाय. फळीखालीच राहील, वरून बघणाऱ्याला दिसणार नाही. मिस्त्रींना फोटो दाखव. त्यांना पटलं नाही तर का पटलं नाही ते मला कळव, मी बदलेन.

त्यासाठी तीन मापं हवीत. पेडलच्या पिनचा व्यास, पिनपासून पुशरॉडच्या भोकापर्यंतचं अंतर, आणि फ्रेमवरच्या दोन बोल्टमधलं अंतर. व्हर्नियरने घे, टेपने नको, आणि प्रत्येक माप तीनदा घे. इंचातच पाठव, गाडी इंचातली आहे. बंडूचा मित्र पंधरा तारखेला सॅन होजेला चाललाय, त्याच्या बॅगेत दोन किलोची जागा आहे. आईला त्यात मेतकूट आणि कांदालसूण चटणी घालायची आहे, त्यामुळे ब्रॅकेट मी हलका करतो.

मापं बुधवारपर्यंत आली तर होईल.

तुझे,
आण्णा